‘से’ की ‘टेल’?

दहावीतली भाची इंग्रजी निबंध लिहिताना हमखास इथेच अडते: ‘से’ घालू की ‘टेल’?

आधी ऐकणाऱ्याकडे बघायचं. ‘टेल’च्या पाठोपाठ ऐकणारा लगेच येतो: ‘शी टोल्ड मी’. ‘से’ला त्याची गरज नाही, आणि आणायचाच झाला तर मध्ये ‘टु’ लागतो: ‘शी सेड टु मी’. मराठीत ‘ती मला म्हणाली’ बिनदिक्कत चालतं, त्यामुळे ‘शी सेड मी’ आपल्या हातून सहज उतरतं. सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं.

हुकूम किंवा सूचना असेल तर ‘टेल’ सोपं पडतं: ‘टेल हिम टु वेट’.

ठरलेल्या जोड्या मात्र सरळ पाठ कराव्यात, तिथे नियम शोधण्यात वेळ जातो. खरं, खोटं, गोष्ट, विनोद, घड्याळातली वेळ ‘टेल’कडे, आणि ‘टेल द ट्रुथ’मध्ये ऐकणारा नसला तरी चालतं. यस, नो, हॅलो, सॉरी, प्रार्थना ‘से’कडे.

संवाद लिहिताना, कुणाचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे देताना ‘से’ घ्या. कुणाला निरोप, माहिती किंवा सूचना पोचवायची असेल तर ‘टेल’.