नायट्रिक ऑक्साइड बूस्टर पावडर: डब्यावर सगळं छापलंय, फक्त नायट्रेटचा आकडा नाही

पाचपैकी दोन स्टार देतेय. पाण्यात पटकन विरघळते, गुठळ्या होत नाहीत, चव थोडी मातकट आहे पण चालून जाते. तरी दोनच, कारण ज्या गोष्टीसाठी आपण हे घेतो तिचाच आकडा डब्यावर नाही आणि ज्यांनी हे न विचारता घेऊच नये त्यांच्यासाठी एक ओळ सुद्धा छापलेली नाही.

आधी एक समजून घ्या, डब्यात नायट्रिक ऑक्साइड नसतं. तो वायू आहे, शरीरात तयार झाला की काही सेकंदात संपतो, त्याची पावडर होत नाही. रक्तवाहिनीला आतून जे पातळ अस्तर असतं त्याच्या पेशी तो बनवतात, मग तो शेजारच्या स्नायूत शिरतो, स्नायू सैल पडतो, नळी रुंद होते आणि बीपी उतरतं. 1980 मधे फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते अस्तर खरवडून काढलं तर ॲसिटाइलकोलीन (एरवी रक्तवाहिनी सैल करणारं रसायन) देऊनही रक्तवाहिनी सैल पडत नाही, म्हणजे अस्तरातूनच काहीतरी सुटतंय. ते "काहीतरी" म्हणजे हा साधा वायू हे कळायला अजून सहा-सात वर्षं गेली, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. मला हा शोध खरंच फार भारी वाटतो, म्हणूनच डब्यावर "नोबेल विजेता रेणू" असं ठळक छापलेलं बघून राग आला. नोबेल त्या शोधाला आहे, या पावडरीची कोणी परीक्षा घेतलेली नाही.

आता आत काय आहे. बीटरूट एक्स्ट्रॅक्ट, एल-आर्जिनिन, एल-सिट्रुलिन, व्हिटॅमिन सी, आणि सगळं मिळून "स्पेशल ब्लेंड 5 ग्रॅम". कुठलं किती ते नाही. इथेच सगळी गडबड आहे, कारण बीटचा उपयोग त्यातल्या नायट्रेटमुळे होतो (शरीर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं) आणि एक्स्ट्रॅक्टमधे नायट्रेट भरपूर पण असू शकतं आणि जवळजवळ शून्य पण, लाल रंगावरून काहीच कळत नाही. खेळाडूंसाठी जे डोस सांगतात ते साधारण 300 ते 600 मिलिग्रॅम नायट्रेटचे असतात, तेही व्यायामाच्या दोन-तीन तास आधी. बीपीचं म्हणाल तर 2015 च्या एका अभ्यासात बीपी असलेल्या लोकांना रोज 250 मिली बीटचा रस चार आठवडे दिला होता आणि वरचं बीपी सरासरी 8 च्या आसपास उतरलं, हे छान आहे, पण तिथे नायट्रेट मोजून दिलं होतं. मी कस्टमर केअरला मेल करून विचारलं की एका चमच्यात नायट्रेट किती, तर शुद्धतेचं सर्टिफिकेट आलं, आकडा आलाच नाही.

आर्जिनिनचं अजून वेगळं. हे एक अमिनो आम्ल, अस्तराच्या पेशी यापासूनच नायट्रिक ऑक्साइड बनवतात. ते तोंडाने घेतलं की बरंचसं आतडं आणि लिव्हरमधेच तुटतं, त्यापेक्षा सिट्रुलिन घेतलं तर रक्तातलं आर्जिनिन जास्त वाढतं, त्यामुळे ब्लेंडमधे स्वस्त आर्जिनिनच जास्त भरलंय का हे विचारणं रास्त आहे. आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसाठी तर ही साधी गोष्ट नाहीच, 2006 मधे छापून आलेल्या एका अभ्यासात अशा 153 पेशंटपैकी काहींना आर्जिनिन आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली होती, आर्जिनिनवाल्यांत 6 जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही, तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. डब्यावर मात्र हृदयाचं चित्र आणि "हार्ट हेल्थ". माझ्या बाबांना अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) आहे, त्यांनी हेच चित्र बघून डबा मागितला होता, आणि असे किती बाबा असतील.

बाबांच्या खिशात जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी असते, तीसुद्धा शरीरात नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने काम करते. नायट्रोग्लिसरीन छातीच्या दुखण्यावर 19व्या शतकापासून देतायत, ते नेमकं का लागू पडतं ते मुरादनी 1977 मधे दाखवलं. अशा गोळीसोबत सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलं तर बीपी इतकं खाली जाऊ शकतं की जीवावर बेतेल, कारण एक गोळी रक्तवाहिनी सैल करणारा सिग्नल वाढवते आणि दुसरी तो विझू देत नाही. हे डॉक्टर आवर्जून सांगतात. मग त्याच वाटेवरची पावडर विकताना "नायट्रेटची गोळी, सिल्डेनाफिल किंवा बीपीचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा" एवढं छापायला काय जातं? किडनी स्टोन होणाऱ्यांना बीटमधल्या ऑक्झलेटचा त्रास होऊ शकतो, तेही कुठे नाही.

खरं औषध म्हणून नायट्रिक ऑक्साइड वायूच देतात तो एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत), फुप्फुसातला रक्तदाब वाढून ऑक्सिजन घेता न येणाऱ्या नवजात बाळांना, व्हेंटिलेटरमधून, दहा लाख भागांत 20 भाग इतका मोजून आणि सतत मॉनिटर लावून. तिथे एवढी मोजदाद आणि इथे "एक चमचा रोज, हवं तर दोन".

सोबत लाळेच्या टेस्ट स्ट्रिप आल्यात. पावडर घेतल्यावर गडद गुलाबी होतात, म्हणजे काहीतरी नायट्रेट आहे बहुतेक, पण स्ट्रिप फक्त लाळेतलं नायट्राइट दाखवते, रक्तवाहिन्या कशा आहेत ते नाही. गुलाबी झाली म्हणून बीपीची गोळी बंद करू नका, प्लीज, बीपी मशीनवर बघा.

ज्यांनी आधीच घेतलाय आणि कुठलं औषध चालू नाही त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं जे माहितीपत्रकात नाहीये: नायट्रेटचं नायट्राइट जिभेवरचे बॅक्टेरिया करतात, जंतुनाशक माउथवॉशने ते मरतात आणि अर्धी मेहनत वाया जाते, त्यामुळे ही पावडर घेत असाल तर तसला माउथवॉश डेंटिस्टनी सांगितला असेल तरच वापरा. आणि लघवी गुलाबी-लाल झाली तर बीटमुळे असं होऊ शकतं, काही जणांना होतं, पण पावडर बंद करूनही दोन दिवसांत रंग गेला नाही तर दाखवून घ्या. कंपनीने पुढच्या बॅचवर नायट्रेटचा आकडा आणि औषधांची सूचना छापली तर स्टार वाढवीन, मेलमधे त्यांना तसं लिहिलंय.