सात वार, एक आकडा: मायएसक्यूएलची बिट फंक्शन्स

दादरला आत्याचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. त्याच्या नोंदी मी मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर ठेवते आणि त्यातली बिट फंक्शन्स, म्हणजे आकड्यातले ०-१ चे बिट एकेक हाताळणारी साधनं, मला मनापासून आवडतात. कोणाला कुठल्या वारी डबा हवा, हे सगळं एका रकान्यात मावतं. सोमवार १, मंगळवार २, बुधवार ४, असं दुप्पट करत रविवार ६४. बुध-शुक्र-रविवारी मासळीचा डबा घेणाऱ्यांचा आकडा ४ + १६ + ६४, म्हणजे ८४.

बुधवारी किती जणांचे बोंबील तळायचे, ते कळायला 'व्हेअर वार & ४ = ४' एवढी अट पुरते: दोन्ही आकड्यांत चालू असलेले बिटच उरतात, ४ उरले तर बुधवार आहे. सी भाषेची सवय असलेल्यांना इथे कंस लागेल असं वाटेल, पण मायएसक्यूएल & आधी सोडवतं, = नंतर. मी तरीही कंस घालते. वाचणाऱ्याला शंका नको.

आत्या सांगते, "अगं, त्यांचा शुक्रवार काढून टाक." मग 'वार = वार & ~१६' चालवायचं (~ बिट उलटे करतो, म्हणजे १६ सोडून बाकी सगळे चालू), ८४ चे ६८ होतात. हे ^ (एक्सॉर) वापरूनही होतं, पण कृपा करून तसं करू नका. ^ असलेला वार काढतो आणि नसलेला घालतो. तोच निरोप एकदा फोनवर, एकदा व्हॉट्सॲपवर आला की शुक्रवार पुन्हा चालू! & ~ कितीदाही चालवा, बंद तो बंदच राहतो.

बिलाला चालू बिट मोजणारं बिट_काउंट: ८४ दिले की ३, आठवड्याचे तीन डबे. इमारतीप्रमाणे ग्रुप बाय (गट) करून बिट_ऑर लावलं, म्हणजे कुठल्याही ओळीत चालू असलेला बिट धरला, की डबेवाल्या पोराला तिथे कुठल्या वारी जायचंय ते कळतं. हे तर फारच सुरेख.

खटकतं ते सगळ्या ओळींत चालू असलेलेच बिट ठेवणारं बिट_अँड. ग्रुप बाय नसताना अटीत एकही ओळ बसली नाही, तर ते नल (म्हणजे 'उत्तरच नाही') देत नाही, सगळे ६४ बिट चालू असलेला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा देतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस अशा वेळी नल देतो आणि तेच बरोबर आहे. मात्र तिकडे ^ म्हणजे घात, एक्सॉरला # लागतो, हे लक्षात ठेवा.

वार रकान्यावरच्या साध्या इंडेक्सचा (ओळी पटकन शोधायच्या सूचीचा) & च्या अटीला नेमक्या ओळी गाठायला उपयोग होत नाही, ओळ न् ओळ तपासावी लागते. आत्याच्या गिऱ्हाइकांच्या यादीला त्याने काही फरक पडत नाही, लाखो ओळी असतील तर पडेल. शिवाय वार सातच्या वर जाणार नाहीत, म्हणून हे जमतं. 'कांदा-लसूण नको', 'तिखट कमी', 'कोलंबी चालत नाही' ही यादी मात्र वाढतच असते. तिच्यासाठी मी सरळ वेगळं टेबल केलंय.