खाटेजवळच्या हृदय-तपासणीची नोंद कोणत्या नावाने करावी : इको, लिमिटेड इको, फोकस की कार्डियाक पोकस?

खाटेजवळ सोनोग्राफीचे यंत्र आणून होणाऱ्या हृदयाच्या तपासणीला नोंदीत कोणते नाव द्यायचे, हे ठरवायची वेळ बहुधा अतिदक्षता किंवा आपत्कालीन विभागाचा केसपेपर नव्याने छापताना येते, आणि तेव्हा ‘इको’ असा एकच रकाना ठेवून मोकळे होण्याचा मोह होतो. महाराष्ट्रात रुग्णाच्या नातेवाइकांपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळेच या तपासणीला ‘टू-डी इको’ म्हणतात, त्यामुळे तो शब्द जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही नोंदीसाठी हाच पर्याय सर्वांत धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी पूर्वी काम करत असलेल्या एका रुग्णालयात खुब्याचे हाड मोडलेल्या एक वृद्ध बाई रात्री दाखल झाल्या. रक्तदाब कमी असल्यामुळे निवासी डॉक्टरांनी पाच मिनिटांत खाटेजवळ तपासणी केली : डाव्या जवनिकेचे (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे) आकुंचन चांगले, हृदयावरणात पाणी नाही, उजवी बाजू फुगलेली नाही. हे तिन्ही निष्कर्ष बरोबर होते, पण केसपेपरवर ‘इको – नॉर्मल’ एवढेच उतरले. सकाळी भूलतज्ज्ञांनी ते वाचले, तरी नेहमीच्या शिस्तीने स्टेथोस्कोप लावला आणि त्यांना मानेपर्यंत जाणारी खरखरीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आली. पूर्ण इकोत महाधमनीची झडप अतिशय अरुंद झालेली निघाली. अशा रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने कमरेतून भूल दिली असती, तर रक्तदाब एकाएकी कोसळण्याची भीती होती. रात्रीच्या तपासणीत डॉप्लर (रक्तप्रवाहाचा वेग मोजण्याची यंत्रातली सोय) वापरला नव्हता आणि तो वापरणे त्या निवासी डॉक्टरांकडून अपेक्षितही नव्हते. पुढच्या माणसाची दिशाभूल केली ती कागदावरच्या एका शब्दाने.

खरी तुलना लिमिटेड इको आणि फोकस (फोकस्ड कार्डियाक अल्ट्रासाउंड) यांच्यात आहे, कारण दोन्ही तपासण्या थोडक्यात उरकतात आणि दोन्हींतली चित्रे अगदी सारखी असू शकतात. अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीने २०१३ च्या शिफारशींत या दोहोंतला भेद काळजीपूर्वक मांडला आहे. लिमिटेड इको करणाऱ्याचे इकोचे पूर्ण प्रशिक्षण झालेले असते; हृदयावरणातले पाणी काढल्यावर ते पुन्हा साचले का, अशा एखाद्या प्रश्नापुरती तो मोजकी दृश्ये घेतो, पण वाटेत झडपेवर काही वेगळे दिसले तर ते त्याला ओळखता येते आणि लगेच अधिक दृश्ये घेऊन तपासता येते. फोकस करणाऱ्याचे प्रशिक्षण मात्र ठरावीक प्रश्नांपुरतेच असते : डाव्या जवनिकेचे काम कसे आहे, उजवी जवनिका मोठी झाली आहे का, हृदयावरणात पाणी आहे का, आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर) भरलेली आहे की चपटी. या प्रश्नांपलीकडचे त्याला दिसले नाही, याचा अर्थ ते नाही असा होत नाही. म्हणून निवासी डॉक्टरांच्या तपासणीवर ‘लिमिटेड इको’ हा शिक्का मारू नये. त्या शब्दामागे पूर्ण प्रशिक्षित नजर आहे, असे वाचणारा गृहीत धरतो.

आता फोकस की पोकस. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ‘फोकस’ हे नाव घेतले आहे आणि रोमन लिपीत (FoCUS) त्यातले एकच अक्षर लहान व बाकीची मोठी ठेवून ते रोजच्या वापरातल्या शब्दापासून वेगळे केले आहे. देवनागरीत आणि तोंडी बोलण्यात ही सोय उरत नाही. ‘पेशंटवर फोकस केला का?’ हा रात्री दोन वाजता फोनवर विचारलेला प्रश्न लक्ष देण्याबद्दल आहे की तपासणीबद्दल, हे नव्या निवासी डॉक्टरांना कळेलच असे नाही. नुसत्या ‘पोकस’ची (पॉइंट ऑफ केअर अल्ट्रासाउंड, म्हणजे रुग्णाजवळच केलेली सोनोग्राफी) अडचण वेगळी आहे : त्यात फुप्फुसे, पोट, पायांच्या शिरा असे सगळेच येते, शिवाय फोनवर प आणि फ यांत गल्लत होते ती निराळीच. याच अमेरिकन सोसायटीने २०२० मध्ये वापरलेले ‘कार्डियाक पोकस’ हे जोडनाव लांब असले, तरी मराठी कानाला ते निःसंदिग्ध आहे, आणि मी तेच निवडेन.

अतिदक्षता विभागातले जे वरिष्ठ डॉक्टर डॉप्लरसह मोजमापे घेतात, त्यांच्या तपासणीसाठी ‘क्रिटिकल केअर इको’ हा वेगळा रकाना असावा. ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागातल्या हृदय-तपासणीच्या मूलभूत पातळीच्या प्रशिक्षणाचे ‘फाइस’ (FICE) हे नाव बदलून ‘फ्युझिक हार्ट’ (FUSIC Heart) केले गेले. तिकडे शिकून आलेल्या सहकाऱ्याच्या तोंडी यांपैकी कोणतेही नाव असू शकते, तेव्हा त्याने येथील नोंद येथील नावानेच करावी, एवढे आधी ठरवून घ्यावे.

नातेवाइकांशी बोलताना ‘कार्डियाक पोकस’चा उपयोग नाही. त्यांना ‘हृदयाची झटपट सोनोग्राफी केली आहे, पूर्ण टू-डी इको अजून व्हायचा आहे’ असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी ‘कालच इको झाला, मग पुन्हा पैसे कशाचे?’ हा वाद उद्भवत नाही. केसपेपरच्या रकान्यात नावाखाली दोन ओळी छापून घ्याव्यात : ‘काय पाहिले’ आणि ‘काय पाहिलेले नाही’. दुसऱ्या ओळीत ‘झडपा’ हा शब्द आधीच छापलेला असावा, आणि ज्याने त्या खरोखर तपासल्या असतील त्यानेच तो खोडून शेजारी सही करावी.