जावयाच्या अकरा पिढ्या आणि फॅमिलीसर्च

मुलीच्या लग्नात भटजींनी वरपक्षाच्या तीन पिढ्यांची नावं विचारली. प्रपौत्राय, पौत्राय, पुत्राय म्हणताना ती लागतातच. गोत्र कश्यप धरून निभावलं, पण जावई पणजोबांच्या नावाशी अडला. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. गोव्यात फोंड्याच्या त्या सभागृहात मुंडावळ्या बांधून तो माझ्या मुलीकडे बघत राहिला, ते मला फार लागलं. आमच्याकडे देवळाच्या महाजनांच्या यादीत, गावकारीच्या म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेच्या कागदांत माणूस सापडतो. याच्या माणसांचंही कुठंतरी लिहिलेलं असणारच. त्या शोधासाठी गेले चौदा महिने मी फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ वापरतोय. नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं जुने पोर्तुगीज दस्त वाचण्यात गेली, त्यामुळे कागदाचं काम मला कळतं, आणि त्या नजरेनंच हे लिहितोय.

संकेतस्थळ मॉर्मन या अमेरिकेतल्या धर्मपंथाच्या चर्चचं आहे. संस्था १८९४ पासूनची. १९३८ पासून त्यांनी जगभरच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या, आणि त्याच आज स्कॅन होऊन घरबसल्या दिसतात. पैसे लागत नाहीत, खातं उघडलं की झालं. काही पानं मात्र त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांत जाऊनच पाहता येतात. फोनवर हे काम करू नका, मोठा पडदा हवाच.

सुरुवात मी जावयाच्या आजीला फोन लावून केली. तिनं दोन नावं सांगितली, त्यावरून १९५० ची जनगणना उघडली, आणि तिथून मागं. १८५० पर्यंत हात बरा पोचतो, कारण तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलंय. त्याआधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं म्हणजे नुसते आकडे. १८९० ची तर १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळीच गेली. पण मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावचे कारकून जन्म, लग्न, मृत्यू सतराव्या शतकापासून लिहीत आलेत, आणि आमचं घराणं इप्सविच या गावातून फारसं हललं नाही. (आमचं म्हटलं खरं, आता ते आमचंच.)

इथं एक अनुभव सांगायलाच हवा. मधेच कंटाळून मी एका कंपनीकडून डॉलर मोजून तयार वंशावळ मागवली. छान जाड कागद, वर घराण्याचं म्हणून एक कुलचिन्ह. इंग्लंडात असं चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं, ते आडनावाचं नसतं. आमच्या गावकारीत तरी नुसतं आडनाव जुळतं म्हणून कुणाला वांगडात, म्हणजे गावकारांच्या कुळात, घेतात का? तेही मी सोडून दिलं असतं. पण त्यात लग्न ऑगस्ट १६४२ आणि पहिलं मूल फेब्रुवारी १६४३ लिहिलं होतं. म्हणजे सहा महिन्यांत.

मी फॅमिलीसर्चवर मूळ पान उघडलं. मुलाच्या जन्मापुढं लिहिलेलं, १६४३ चा बारावा महिना. त्या काळच्या इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, आणि या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट मंडळींना महिन्यांची मूर्तिपूजकांची नावं नको म्हणून ते महिन्याला नुसता आकडा द्यायचे. मार्च पहिला, फेब्रुवारी बारावा. आपला चैत्र-फाल्गुन जसा. म्हणजे १६४३ चा बारावा महिना आजच्या हिशेबानं फेब्रुवारी १६४४. लग्नानंतर दीड वर्षानं झालेलं मूल! वर्षाची सुरुवात न तपासता कुणीतरी तारीख उतरवली, आणि पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या नावाला बोल लागला. मला खरंच राग आला. पोर्तुगालनं १५८२ मध्येच नवी, म्हणजे आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतल्यामुळे आमच्या दस्तांत हा घोळ मी कधी पाहिला नव्हता. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये घेतली.

म्हणून मूळ पान बघायला मिळणं हाच या सेवेचा सगळ्यात मोठा गुण. त्यांचं सगळ्यांचं मिळून एक सामाईक वंशवृक्षाचं झाडही आहे, पण ते कुणीही बदलू शकतो, तेव्हा त्यातली नावं दुवा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. नावापुढच्या सीनियर-ज्युनियरवरही विसंबू नका. तेव्हा गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला आणि धाकट्याला तसं म्हणत, मग ते बापलेक नसले तरी.

२०२४ पासून हस्तलिखितांतला मजकूर संगणक वाचतो आणि आपल्याला त्यात शब्द शोधता येतात. माझे डोळे थकले होते तिथं या सोयीनं काम केलं. आडनावाला गावाचं नाव जोडून शोधलं आणि एक मृत्युपत्र पुढ्यात आलं. त्या काळच्या अक्षराच्या वळणात एच ओळीखाली उतरतो, ई उलटा दिसतो, पण दोन रात्रींत हात बसला. म्हाताऱ्यानं बायकोला घराचं एक टोक राहायला दिलंय, एक गाय दिलीय, आणि मुलानं जळाऊ लाकूड चुलीत मावेल एवढं तोडून तिच्या दाराशी आणून टाकायचं, असं बजावलंय. तळाशी सही नाही, शाईची वाकडी खूण आहे. कारकुनानं बाजूला लिहिलंय, त्याची निशाणी. मी ती पडद्यावर मोठी करून बराच वेळ पाहिली. आमच्या दस्तांवर असे कितीतरी अंगठे मी पाहिलेत.

हा माणूस १६३० ते ४० मध्ये आला असणार. त्या सुमारास वीस हजारांच्या आसपास इंग्रज न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सकडच्या भागात, उतरले, पण जहाजांच्या याद्या थोड्याच उरल्यात आणि त्यांत तो नाही. इंग्लंडच्या चर्चांत बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३८ पासून आहेत. तिथं त्याच्याच नावाची दोन मुलं सापडली, सफोक आणि एसेक्स या दोन वेगळ्या परगण्यांत. नुसतं नाव जुळतं म्हणून मी कुणाला बाप लावणार नाही.

वहीत अकरा पिढ्या शाईनं लिहिल्या आहेत, पणजोबा खालून तिसऱ्या ओळीवर. सगळ्यात वरची ओळ कोरी आहे, तिच्या कडेला पेन्सिलनं सफोक आणि एसेक्स एवढंच लिहून ठेवलंय.