सासऱ्यांना गोठलेल्या तळ्यावर चालायला शिकवणारा वर्ग : चार स्टार

ज्यांच्याकडे ऐन हिवाळ्यात भारतातून आई-वडील, सासू-सासरे राहायला येतात, त्या मिनेसोटातल्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. व्हाइट बेअर लेकवर शनिवारी सकाळी नवख्यांना बर्फावर चालायला शिकवणारा दोन तासांचा वर्ग असतो. माणशी ४० डॉलर. ज्येष्ठांना सवलत नाही, विचारून झालंय.

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्यात होते. पूल आणि मोऱ्या बांधण्यात अख्खी नोकरी गेली. त्यामुळे नातवंडं तळ्यावर स्केटिंग करायला गेली की अप्पा काठावरच्या बाकावर तळ्याकडे पाठ करून बसायचे. "खाली कॉलम नाही, बीम नाही, आणि वरून गाड्या नेतात? मंजुरी कुणी दिली याला?" त्यावर माझ्या नवऱ्याचं ठरलेलं पालुपद : "अहो अप्पा, काही होत नाही, सगळे जातात." ते ऐकलं की अप्पा आणखी घट्ट बसायचे. सगळे जातात हे काय कारण झालं?

वर्ग घेणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. लहानपणापासून बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्या. घाबरू नका, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट पार्किंगमध्येच सांगून टाकलं की कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा तक्ता हातात दिला. पायी जायला निदान ४ इंच, स्नोमोबिलला (बर्फावर धावणारी स्कूटरसारखी गाडी) ५ ते ७, छोट्या मोटारीला ९ ते १०. हे सगळं नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाचं. पांढऱ्या बर्फाची ताकद निम्मीच धरायची. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. तिथेच मला वाटलं, जमतंय.

सुरुवात अगदी काठाशी, जिथे खाली जेमतेम गुडघाभर पाणी होतं. बर्फ मोडलाच तर बूट भिजतील, बस. ही युक्ती मला फार आवडली. पाऊल घासत, सपाट टाकायचं, अंगाचा भार पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. मग बाईंनी अप्पांच्या हातात पहार दिली. पुढे पाऊल टाकायच्या आधी पहार जोरात हाणायची. एक-दोन घावांत आरपार गेली तर आल्या वाटेने मागे. पहार हातात आल्यावर माणूस बदलला. कामावरच्या मजुरांवर नजर ठेवावी तसे आमच्या पुढेपुढे ठोकत निघाले.

थोडं आत गेल्यावर गिरमिटाने भोक पाडलं. गिरमिट फिरतं तसा भोकाभोवती बर्फाचा कीस साचत जातो, अगदी खवलेल्या नारळासारखा, आणि शेवटी एकदम काळंभोर पाणी भसकन वर येतं. त्या क्षणी अप्पांनी माझा दंड धरला. बाईंनी टेप आत सोडून खालच्या कडेला अडकवला : ११ इंच. भोकाच्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. वरचे ३ इंच दुधाळ, खालचे ८ काचेसारखे. "मग साडेनऊच धरायचे," अप्पा लगेच मराठीतच म्हणाले.

बाईंनीही माणूस ओळखला होता. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलेलं सूत्र त्यांनी सांगितलं : जाडीचा सेंटीमीटरमध्ये वर्ग करायचा आणि जपून हिशेब धरायचा तर साडेतीनने गुणायचं, तेवढे किलो वजन बर्फ पेलतो. म्हणजे जाडी दुप्पट झाली तर ताकद चौपट. अप्पांनी हातमोजा काढून, बोटं गारठत असताना, फोनवर हिशेब केला. साडेनऊ इंच म्हणजे २४ सेंटीमीटर, त्याला दोन टन. आम्ही तिथे उभे सगळे मिळून सहाशे किलोही नव्हतो. हिशेब पुन्हा एकदा पडताळून फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "चला."

परीक्षा पुढेच होती. मध्यावर पोचलो आणि बर्फ वाजला. आधी किनऱ्या आवाजात काहीतरी सणकत गेलं, मागून पोटात घुमणारा दणका. अप्पा जागच्या जागी थिजले, चेहरा पांढराफटक. तापमान बदललं की बर्फ आकुंचन-प्रसरण पावतो, चिरा जातात, त्याचा हा आवाज. बारीक आवाज बर्फातून जाड आवाजापेक्षा लवकर पोचतो म्हणून तो आधी ऐकू येतो. बाई हे शांतपणे सांगत होत्या, मी भाषांतर करत होते. "पुलाला फुगण्या-आकसण्यासाठी एक्स्पान्शन जॉइंट असतो, इथे तो आपला आपण पडतोय," इति अप्पा. बाईंना ते इंग्रजीत सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की परत येईपर्यंत दोघं माझ्यामार्फत गप्पा मारत होते. बाईंचे बाकीचे नियम : दर दीडशे फुटांवर पुन्हा मोजायचं, पुलाखाली आणि ओढा मिळतो तिथे जायचं नाही, बदकं पोहत असतील तिकडे तर नाहीच.

आता तक्रारी. बुटांना चढवायचे खिळ्यांचे पट्टे ते देतात, पण सगळ्यात लहान मापसुद्धा अप्पांच्या पायाला ढिलं. एक पट्टा दोनदा निघाला, आणि पडण्याची खरी भीती तिथेच होती. स्वतःचे घेऊन जा. दुसरं, पाण्यात पडलो तर काय करायचं हा भाग शेवटी पाच मिनिटांत उरकला. पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, हातपाय धड चालतात ती साधारण दहा मिनिटं, आलो त्याच बाजूला वळायचं, गळ्यात अडकवलेले अणकुचीदार टोचे बर्फात रोवून पाय मारत वर यायचं, उभं न राहता लोळत दूर जायचं. इतकं महत्त्वाचं, आणि टोचे हातात धरून बघायलाही मिळाले नाहीत. सुरुवातीला पार्किंगमध्ये उभं करून बोलण्यात जो वेळ गेला, त्यातला अर्धा इकडे द्यायला हवा होता. दोन तासांत चहा-कॉफीचा पत्ता नाही, थर्मास सोबत ठेवा. संडास म्हणजे प्लॅस्टिकची टपरी.

इंग्रजी भरभर कळत नसेल तर सोबत कुणीतरी हवंच. गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये, घासत चालून मांड्या भरून येतात. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ बरा, पण थंडीचा नेम नसतो. २०२३-२४ सारखा उबदार हिवाळा आला तर सगळंच रद्द. बुकिंगआधी पैसे परत मिळण्याचा नियम वाचून घ्या.

एक स्टार पट्ट्यांचा आणि टोच्यांचा कापला. अप्पांना विचाराल तर ते पाच देतील. सध्या हार्डवेअरच्या दुकानातून स्वतःची पहार आणायचं त्यांच्या मनात आहे, आणि ती सामानातून साताऱ्याला नेता येईल का, हे नवऱ्याला विचारून झालंय.