टॅरंटुलाची पहिली पिल्लं: कर्ली हेअर, रेड नी की रेगालिस?

टॅरंटुला या मोठ्या केसाळ कोळ्याचा नर प्रौढ झाला की पाळणाऱ्याला घाई होते. ते समजण्यासारखं आहे. शेवटची कात टाकल्यावर नराच्या हाती काही महिने उरतात, फार तर वर्ष-दीड वर्ष. मादी मात्र जातीनुसार दहा ते पंचवीस वर्षं जगते. त्यामुळे आत्ता जोडी लावली नाही तर संधी गेली, असं वाटतं. मीही डॉर्टमुंडच्या दोन खोल्यांच्या घरात अशाच घाईत पहिली जोडी लावली. सगळा विचार त्या एका संध्याकाळपुरता केला होता: मादी नराला खाईल का, मी मध्ये कधी पडायचं. ती संध्याकाळ सात मिनिटांत आटोपली. पुढचे अकरा महिने कसे जाणार हे जात निवडली तेव्हाच ठरलं होतं, आणि जात मी विचार न करता निवडली होती.

म्हणून इथे तीन जाती शेजारी-शेजारी ठेवतो. निकाराग्वा-कोस्टारिकाकडची कर्ली हेअर (टिल्टोकॅटल अल्बोपिलोसस), मेक्सिकोची रेड नी (ब्राकिपेल्मा हामोरी) आणि आपल्या सह्याद्रीतली, झाडांच्या ढोलीत राहणारी रेगालिस (पोएसिलोथेरिया रेगालिस). पहिल्यांदा पिल्लं काढणारे बहुतेक जण यांतल्याच एकीपाशी येऊन थांबतात.

भारतात राहून विचार करत असाल तर पुढचं वाचण्याआधी कायद्याकडे बघा. ब्राकिपेल्मा ही प्रजाती कितीतरी वर्षांपासून ‘सायटिस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, पोएसिलोथेरिया 2019 मध्ये तिथे आली. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते, आणि घरात पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. जुलै 2021 मध्ये चेन्नईला पोलंडहून आलेल्या एका टपाल पार्सलात छोट्या कुप्यांमधून 107 जिवंत कोळी सापडले होते. अशा वाटेने आलेल्या जनावराची पिल्लं काढून ती वाटणं म्हणजे तोच व्यवहार पुढे चालवणं. आणि ढोलीतून रेगालिस उचलून आणण्याचा विचारही नको. माझा अनुभव जर्मनीतला आहे. तिथेही या जातींना उगमाचा कागद लागतो. पिल्लू देताना मी तो देतो आणि घेताना मागतो.

वाट किती बघायची

रेगालिस सगळ्यांत घाईची. चांगलं खायला मिळालं तर नर वर्ष-सव्वा वर्षात प्रौढ होतो, मादी दोन-अडीच वर्षांत. कर्ली हेअरचा नर दोन-तीन वर्षं घेतो, मादी तीन-चार. रेड नीची मादी तयार व्हायला सहा-सात वर्षंही लागतात. पिल्लापासून सुरुवात करणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. अंड्यांच्या एकाच पिशवीतली भावंडं वाढवली तर नर आधी प्रौढ होतो आणि बहीण तयार होईपर्यंत मरून गेलेला असतो. म्हणून नर बहुधा बाहेरून आणावा लागतो. आमच्याकडे नर उसना द्यायची पद्धत आहे, पिल्लं निम्मी-निम्मी. नर खाल्ला गेला तर काय, पिशवी धरलीच नाही तर काय, हे नर घरी यायच्या आधी लिहून घ्यावं. माझी एक चांगली ओळख याच कारणाने तुटली.

जोडी लावल्यानंतरची वाटही सारखी नसते. कर्ली हेअर दोन ते चार महिन्यांत पिशवी विणते, कधी जास्त घेते. तिला ऋतूचं फारसं सोयरसुतक नाही. रेड नीला आहे. शरदात जोडी लावायची, मादीला भरपूर खाऊ घालायचं, हिवाळ्यात डबा जरा गार आणि कोरडा ठेवायचा, मग वसंतात ऊब आणि ओल वाढली की ती पिशवीच्या तयारीला लागते. एवढं करूनही ती पिशवी न विणता कात टाकून मोकळी होऊ शकते. रेगालिस या दोघींच्या मध्ये बसते. तिला थोडा कोरडा आणि मग ओला काळ मानवतो. पाऊस बघितलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

कातीचं गणित तिन्ही जातींत एकच आहे, आणि ते चुकलं की सगळं वर्ष गेलं. नराचं बीज मादीच्या शरीरातल्या ज्या पिशव्यांत साठतं, त्यांचं अस्तर कातीबरोबर बाहेर येतं. जोडी लावल्यावर पिशवी विणण्याआधी मादीने कात टाकली तर ते बीज गेलं, आणि तोवर नर बहुधा जिवंत नसतो. म्हणून मादीने कात टाकल्यावर महिना-दीड महिना थांबा, सुळे घट्ट होऊ द्या, पोट भरू द्या, आणि मग जोडी लावा. नराच्या डब्याच्या कोपऱ्यात फाटक्या पांढऱ्या पडद्यासारखं जाळं दिसलं की त्याने बीज भरून घेतलं असं समजायचं. त्याआधी त्याला मादीपुढे नेणं म्हणजे त्याचा जीव उगीच धोक्यात घालणं.

पिल्लं किती

माझ्या मते निर्णय इथे व्हायला हवा. मिलन जमेल का याचीच सगळे चौकशी करतात. पिल्लं कुठे ठेवणार हे कोणी विचारत नाही.

कर्ली हेअरच्या एका पिशवीत तीनशे ते सहाशे पिल्लं धरूनच चाला, कधी त्याहून जास्त. रेड नीचीही काही शेकड्यांत. रेगालिसची शंभराच्या आसपास, कधी दीडशे. खायला लागलेली पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी कुपी. चारशे कुप्या आणि प्रत्येकीला अर्धा मिनिट धरला (झाकण उघडा, फळमाशी सोडा, कोपरा ओला करा, काल टाकलेल्या रातकिड्याचा पाय उरला असेल तर उचला) तरी तीन तास वीस मिनिटं होतात, तेही आठवड्यातून एकदा. मी हे नोकरी सांभाळून पाच महिने केलं. शेवटी शेवटी कुप्यांकडे बघायचीही इच्छा होत नसे, आणि त्याची झळ पिल्लांना लागली. काही नुसती कोरडी पडून मेली.

बरं, इतकी पिल्लं घेणार कोण? कर्ली हेअर बाजारात सगळ्यांत स्वस्त, कारण प्रत्येकाकडे तिचीच पिल्लं असतात. जर्मनीतल्या हाम शहरात वर्षातून चार वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा आणि कोळ्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे कुप्यांच्या ओळींत कर्ली हेअर इतकी असते की लोक थांबतही नाहीत. रेड नीला मागणी कायम राहते. तिचं पिल्लू हळू वाढतं हे ठाऊक असूनही लोक घेतात. रेगालिस घेणारे थोडे, पण त्यांना आपण काय घेतोय ते माहीत असतं.

एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. पिशवी तिसाव्या दिवसाच्या आसपास उघडली तर सगळी अंडी वाढवायची सक्ती नाही. मी आता जेवढ्यांना घर नक्की आहे तेवढीच ठेवतो, बाकीची त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवून संपवतो. पहिल्यांदा हात धजला नाही. पण कुपीत सुकून मेलेली पिल्लं पाहिल्यावर मला हाच मार्ग कमी क्रूर वाटतो. बागेत नेऊन सोडणं हा पर्याय नाहीच, जर्मनीत नाही आणि भारतातही नाही.

अंगावर काय येऊ शकतं

कर्ली हेअर आणि रेड नी पोटावरचे केस झटकतात. हाताला खाज सुटते, ती जाते. डोळ्यात गेले तर डॉक्टरकडे धाव घ्यावी लागते, म्हणून पिशवी काढताना चष्मा घाला. पिशवीवर बसलेली मादी एरवी कितीही शांत असली तरी वेगळी वागते. पिशवीच्या विणीतही हे केस असू शकतात, म्हणून हातमोजे घाला.

रेगालिसला असे केस नाहीत. तिच्याकडे वेग आहे आणि विष आहे. दंश झाला तर स्नायूंना जबर पेटके येतात आणि ते काही दिवस पुन्हा पुन्हा येऊ शकतात. डब्याचं झाकण उघडून नर आत सोडायचा, मग ब्रशने त्याला परत काढायचा, हे कर्ली हेअरबरोबर करताना हात थरथरला तरी निभावतं. रेगालिसबरोबर नाही. पाळून चार-पाच वर्षं झाली नसतील तर पहिली जोडी तिची लावू नका, असं मी स्पष्ट सांगतो. मला स्वतःला हीच जात सगळ्यांत आवडते, तरीही. पुढच्या पायांखालचा पिवळा रंग एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

पिशवी आईपाशी की आपल्याकडे

इथे मात्र रेगालिसचं पारडं जड आहे. जंगलात तिची पिल्लं काही काळ आईबरोबर त्याच ढोलीत राहतात. पिशवी तिच्याजवळच सोडली तर आई ती फिरवते, ऊब बघून जागा बदलते, आणि एके सकाळी सालीच्या कडेवर छोटे छोटे पाय दिसू लागतात. तुमचं काम फक्त डब्याला हात न लावणं.

कर्ली हेअर आणि रेड नीच्या बाबतीत दोन्ही मार्ग चालतात. आईपाशी ठेवली तर ओल-उबेची काळजी तिच्यावर, पण तिला धक्का बसला की ती पिशवी खाऊन टाकते. माझी पहिली पिशवी अशीच गेली. खोली रंगवायची म्हणून डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला, तेवढंच निमित्त. दुसऱ्या खेपेला तिसाव्या दिवशी पिशवी काढली. प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला किचन पेपर, वर कॉफीच्या गाळणपेपरची झोळी, आत 26 अंशांच्या आसपास ऊब. अंडी अजून अंडीच असतील तर दिवसातून काही वेळा हलक्या हाताने फिरवावी लागतात, एरवी ती एकमेकांना चिकटतात. काळी पडलेली रोज वेचून काढायची, नाहीतर बुरशी सगळ्यांना धरते. आधी अंड्यांना पाय फुटतात, मग एक कात, मग दुसरी, आणि तेव्हा कुठे ती खायला लागतात. सुट्टीला गावी जाणार असाल तर हे महिने टाळा. शेजाऱ्याला हे काम सांगून जाता येत नाही.

कोणती जोडी कुणाशी

नाव नक्की नसेल तर जोडी लावू नका. ज्याला सगळे वर्षानुवर्षं ब्राकिपेल्मा स्मिथी म्हणत होते, त्यातले बरेच कोळी हामोरी आहेत, हे 2017 च्या अभ्यासाने दाखवलं. हामोरी कोलिमा, हालिस्को, मिचोआकानकडची, स्मिथी गेरेरोकडची. दोघी दिसायला इतक्या सारख्या की जुन्या चिठ्ठीवर विसंबून चालत नाही. संकरित पिल्लं एकदा बाजारात गेली की परत वेगळी काढता येत नाहीत. कर्ली हेअरमध्येही निकाराग्वाची खात्रीची वंशावळ आणि नुसती ‘कर्ली हेअर’ यांत घेणारे फरक करतात. चिठ्ठी पक्की असेल तर पिल्लांना घर लवकर मिळतं.

मग मी काय निवडेन? घरात आधीपासून प्रौढ, ओळखीची कर्ली हेअर असेल तर तीच. अंडी कमी करायची मनाची तयारी ठेवून. नसेल, आणि लहान रेड नी मादी घरी वाढतेय, तर थांबा. सहा वर्षांनी तुम्ही तिचा स्वभाव, तिच्या कातींच्या तारखा सगळं जाणत असाल, आणि तिच्या पिल्लांना घरंही मिळतील. फक्त पिल्लं काढण्यासाठी नवी मादी विकत आणू नका, ती कुठलीही असो.

उसना नर घरी आलेला असेल तर आज वही काढा आणि मादीने शेवटची कात कधी टाकली ती तारीख शोधा. वर्ष उलटून गेलं असेल किंवा तारीखच सापडत नसेल, तर नर मालकाला परत द्या, त्याला दुसरी मादी बघायला अजून वेळ आहे. आणि पुढची कात पडेल तेव्हा ती फेकू नका. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून ती उलगडा, पोटाच्या आतल्या बाजूला भिंगाने बघा. बीज साठवणाऱ्या ज्या पिशव्यांवर हा सगळा बेत उभा आहे त्यांचं अस्तर तिथे दिसेल. दिसलं नाही, तर जिला तुम्ही मादी म्हणताय तो बहुधा नरच आहे.