मशीन ठीक, अर्थचा चिमटा भंगार: २०० अँपिअर इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, दिवाळीपासूनचा वापर

मशीनमध्ये सगळं बरं दिलंय. वजनाला हलकं, पंखा दमदार, करंटचा आकडा स्पष्ट दिसतो. कंजुषी केली ती नेमकी अर्थच्या चिमट्यात, म्हणजे कामाच्या लोखंडाला लावतात त्या केबलच्या चिमट्यात. पातळ पत्र्याचा, स्प्रिंग ढिली, केबलचा बोल्ट एकाच जबड्याला. दुसरा जबडा नुसता नावाला. १०० अँपिअरवर दोन रॉड जाळले की चिमट्याला हात लावून बघा, चटका बसतो. म्हणजे वीज तिथेच जळतेय, जोडावर पुरती पोचत नाही.

नवशिक्याला हे कळणार कसं? रॉड चिकटला की वाटतं हात कच्चा आहे. मग तो करंट वाढवतो आणि पातळ पाइपाला भोकं पाडतो. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे." आता हे अगदीच खोटं नाही. आमच्या चोपडा तालुक्यात केळीच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की शेतात मीटर १८०च्या खाली येतो, वर लांबलचक पातळ वायर जोडली तर कुठलंही मशीन मान टाकेल. पण घरी २२५ असतानाही तेच रडगाणं! तसं सांगितल्यावर म्हणे मशीन पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने, आणि चिमट्याला वॉरंटी नाही. का, तर ती ॲक्सेसरी!

मी विकायलाच काढलं होतं. गावात ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या आबांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. चिमटा उचलला आणि म्हणाले, "मशीन कसाले ईकी राह्यना भो, हाऊ चिमटा फेक." पितळी चिमटा अडीचशेच्या आत आला. तो रंग-गंज घासून काढलेल्या लोखंडावर, जोडाच्या जवळ लावला आणि १२ नंबरचा रॉड ७५ अँपिअरवर पहिल्या घाशीत पेटला. दोन स्टार द्यायचे ठरवले होते, आता चार देतोय. एक मात्र देणार नाही, ते अडीचशे माझ्या खिशातले आहेत. तुम्ही घेणार असाल तर दुकानदाराशी दोनशेची घासाघीस करण्यापेक्षा पितळी चिमटा मागून घ्या.

नवीन शिकणाऱ्यांनी ६०१३ जातीचाच रॉड घ्यावा. १२ नंबर म्हणजे अडीच एमएम, त्याला ६० ते ९० अँपिअर. १० नंबरला ९० ते १३०. रॉड धरायचा होल्डर प्लसला, अर्थ मायनसला. रॉडचं टोक आणि लोखंड यात रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं. बरोबर जमलं की कढईत भजी सोडल्यासारखा सलग चरचराट येतो. फट-फट आवाज आला की अंतर वाढलं समजा. आणि रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे सरकवताना खालीही न्यावा लागतो. पहिले दिवस सगळा घोळ इथेच होतो.

सोबत मिळतो तो प्लास्टिकचा हातातला मास्क पोरांना खेळायला द्या. ११ नंबर काळ्या काचेचा डोक्यावरचा घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे. उघड्या डोळ्यांनी काम केलं तर लगेच काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. बाजूला उभं राहून बघणाऱ्यालाही तेच, म्हणून पोरांना आधी लांब पाठवा.

ड्यूटी सायकल ६० टक्के लिहिलीय, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम. पण हा हिशोब ४० अंशांचा असतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दुपारी मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागतो. लागला की बटण बंद करू नका, पंखा चालू राहू द्या, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. आता मी सकाळीच काम उरकतो.

गेट, खाट, ट्रॉलीचा हूक, सगळं टिकलं. वखराची पास, म्हणजे मातीत चालणारं पातं, मात्र टिकली नाही. कडक पोलाद आहे ते. ६०१३ ने चिकटतं, पण पहिल्या दगडाला जोडाच्या शेजारून तडकतं. तिला आधी तापवून ७०१८ जातीचा कोरडा रॉड लागतो. तेवढा खटाटोप करण्यापेक्षा लोहाराकडे स्वस्तात होतं.